वाढदिवस रानात, मन मात्र मांडवात

गेल्या महिन्यात आमच्या मोबाइलवर एक निमंत्रण आले. शेजारच्या इमारतीतील एका मुलास पाच वर्षे पूर्ण होत होती, आणि त्याचा वाढदिवस मुंबईच्या उपनगरातील एका निसर्गकेंद्रात साजरा व्हावयाचा होता. निमंत्रण वाचून आम्हांस मनापासून आनंद झाला, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे. ह्या शहरातील मुलांचे वाढदिवस वातानुकूलित सभागृहांत, उपाहारगृहांच्या माळ्यांवर आणि हवा भरलेल्या रबरी किल्ल्यांत साजरे होताना पाहून आम्ही कंटाळलो होतो. कोणा आईबापांस मुलाला झाडाखाली न्यावेसे वाटले, एवढ्यानेच त्यांच्याविषयी आमचा आदर दुणावला. आमची नात त्या मुलाच्याच वर्गात आहे. तिला घेऊन आम्ही सांगितल्या वेळी, म्हणजे सकाळी अकरा वाजता, तेथे हजर झालो.

अकराची वेळ ऐकूनच आम्हांस शंका यावयास हवी होती. ज्या वेळी पाखरे गप्प होतात आणि शहाणा माणूस सावली शोधतो, ती वेळ रान पाहण्याची नव्हे. ती जेवणाच्या कंत्राटदाराच्या सोयीची वेळ होय.

प्रवेशद्वाराशी एका करंजाच्या बुंध्याला तार आवळून फुग्यांची कमान उभारली होती. त्याच करंजावर चांगली जुनी गुळवेल चढलेली होती. तिच्यावरून प्लास्टिकच्या पानांच्या माळा सोडल्या होत्या. खऱ्या वेलीवर खोटी वेल! वाटेच्या दोहों बाजूंस पुठ्ठ्याचे जिराफ, झेब्रे आणि सिंह उभे होते. ज्या शहराच्या कुशीतील जंगलात आजही बिबटे नांदतात, त्या शहरातील मुलाला रान म्हणून आफ्रिकेचे पुठ्ठे दाखवावे, ही कल्पना कोणाची हे आम्ही विचारले नाही. एक गृहस्थ ध्वनिक्षेपकावरून मुलांना ‘अजून मोठ्याने, अजून मोठ्याने’ ओरडावयास सांगत होते. अडतीस मुले होती, आम्ही मोजली. कार्यक्रमपत्रिकेत स्वागत, खेळ, जादू, केक आणि जेवण ह्यांच्यामध्ये ‘निसर्ग-फेरी’ ह्या नावाखाली वीस मिनिटे दिलेली होती. केंद्रातील एक तरुण मार्गदर्शिका पुढे, तिच्यामागे अडतीस मुलांची रांग, आणि मागून ध्वनिक्षेपकाची गर्जना, अशी ती फेरी निघाली. ती बिचारी काय सांगत होती हे पहिल्या चार मुलांपलीकडे कोणासही ऐकू गेले असेल असे वाटत नाही.

त्या फेरीत एक गोष्ट घडली. वाटेच्या कडेला कागदी लिंबाचे एक झुडूप होते. ज्याचा वाढदिवस होता तो मुलगा तेथे थबकला. एका पानावर पाखराची विष्ठा पडली होती आणि ती चालत होती! लिंबावर किंवा कढीलिंबावर अंडी घालणाऱ्या काही फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी हुबेहूब विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून त्यांना पाखरे खात नाहीत; डिवचले तर त्या डोक्यामागून तांबूस रंगाची दोन शिंगे बाहेर काढतात व उग्र वास सोडतात. ह्यांतले काहीही त्या मुलास ठाऊक नव्हते. त्याने फक्त पाहिले, आणि त्याच्या तोंडून आवाज निघेना. आमची नात त्याच्याजवळ गेली. दोघे मिळून वाकून पाहू लागले. एवढ्यात ध्वनिक्षेपकाने ‘बर्थडे बॉय’ला केकजवळ बोलाविले, कारण छायाचित्रकारास दुसऱ्या ठिकाणी जावयाचे होते. मुलगा हलेना. आई आली, आजी आली, शेवटी काका आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. केकवर आतषबाजीची मेणबत्ती फुलत असताना तो ज्या हुंदक्यांनी रडत होता ते सर्व छायाचित्रांत उतरले असेल. ‘गर्दीला घाबरला,’ असे कोणी म्हणाले. तो घाबरला मुळीच नव्हता. त्या दिवशी त्याला मिळालेली एकुलती एक खरी भेट त्याच्या हातून काढून घेण्यात आली होती.

त्या आईवर दोष ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ती पंधरा दिवस खपत होती आणि त्या दिवशी तिने दुपारी तीनपर्यंत अन्नाला स्पर्श केला नव्हता, हे आम्ही जाणतो. ह्या प्रकारात आईबापेही मुलाइतकीच फसतात. आमचे भांडण आहे ते एका समजुतीशी: जागा बदलली की काम झाले, ही ती समजूत. सभागृह सोडून आपण रानात जातो, पण जाताना सभागृहाच्या भिंती, त्याचे दिवे, त्याचा गोंगाट आणि त्याचे घड्याळ पाठीवर बांधून नेतो. आणि तेथे पोहोचल्यावर ते सर्व उतरवून रानाला झाकून टाकतो.

ह्याच्या अगदी उलट प्रकार आमच्याच प्रांतात एका बाईंनी करून दाखविला आहे. ताराबाई मोडक ह्यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे गोड नाव मिळाले. शाळा कुरणात गेली ती भिंती घेऊन नव्हे. तेथील शिंपले, बिया, खडे, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. सधन घरातील मुलाच्या वाढदिवसासाठी आज जेवढा खर्च होतो तेवढ्यात तशा शाळेचे किती दिवस चालले असते, हा हिशेब आम्ही मांडीत नाही. तो मांडला की वाचक आम्हांस कंजूष ठरवितील आणि मुद्दा बाजूला राहील.

‘पण मुलांना हेच आवडते,’ असे उत्तर हमखास मिळते. मुलांना फुगे आवडतात, हे खरे. मुलांना बर्फाचा गोळाही आवडतो; म्हणून आपण त्याची न्याहारी करीत नाही. आमचा प्रश्न वेगळाच आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मुंग्यांच्या रांगेजवळ एकटे सोडून, त्याला काहीही न शिकविता, अर्धा तास नुसते बसू देण्याचा प्रयोग ह्या ‘आवडते’वाल्या मंडळींपैकी किती जणांनी केला आहे? ज्यांनी केला असेल ते असे बोलत नाहीत. मूल कंटाळते ते बहुधा आपण त्याला घाई करतो तेव्हा. आणि आपण घाई करतो, कारण रानात कंटाळलेले आपण असतो. फांदीवर बसलेला धीवर दहा मिनिटे हालचाल करीत नाही हे बापाला सोसत नाही. मुलाला ते सोसते, इतकेच नव्हे तर पुढे काय होणार ह्याची त्याला बापापेक्षा अधिक खात्री असते.

दुसरे उत्तर असे की, एवढ्या मुलांना बोलावणे भागच पडते. येथे आपण खऱ्या गोष्टीशी येऊन पोहोचतो. पांढरपेशा घरांतून पूर्वी लग्नमुंजीतील आहेरांची वही असे. कोणी किती दिले व आपण किती परत केले पाहिजे, ह्याची नोंद तीत राही. ती वही आता मुलांच्या वाढदिवसांत शिरली आहे. अमक्याच्या वाढदिवसास आपला मुलगा गेला होता, म्हणून अमका आला पाहिजे. अमका आला तर त्याची बहीण आली पाहिजे. वर्गातील निम्म्यांना बोलाविले तर उरलेल्या निम्म्यांच्या आया शाळेच्या फाटकाशी काय म्हणतील? आणि ‘रिटर्न गिफ्ट’ नावाचा उलटा आहेर तर असा माजला आहे की, आलेल्या मुलाने दिलेली भेट उघडण्यापूर्वीच त्याच्या हाती परतीची पिशवी पडलेली असते. व्यवहार जागच्या जागी चुकता! पाच वर्षांच्या मुलास अडतीस मित्र नसतात. त्याला दोन असतात, फार तर तीन. बाकीचे पस्तीस त्याच्या आईबापांचे सावकार आणि कुळे होत.

आता आमच्याच पक्षातील लोकांविषयी थोडे लिहिले नाही तर ते अप्रामाणिक होईल. निसर्गप्रेमी म्हणविणाऱ्या घरांतून ह्या रोगाची एक सोवळी आवृत्ती दिसू लागली आहे. तेथे फुगे नसतात, ध्वनिक्षेपक नसतो; त्याऐवजी प्रश्नमंजूषा असते, पर्यावरणाची शपथ असते, आणि मुलांनी ओळखावयाच्या वीस झाडांची छापील यादी असते. चालणारी विष्ठा दिसलेल्या मुलास तेथे ‘हिचे शास्त्रीय नाव सांगा’ असे विचारले जाते. शेवटी भेट म्हणून प्रत्येकास एकेक रोप. आमच्या इमारतीतील खिडक्यांच्या जाळ्यांत अशा रोपांची काळी पिशव्यांतील स्मशाने आम्ही रोज पाहतो. मे महिन्याच्या उन्हात वाढदिवसाचे झाड लावून, त्याच्याजवळ मुलाला उभे करून छायाचित्र काढणारे आणि त्या झाडाला दुसऱ्या दिवशी पाणी कोण घालणार हे न विचारणारे पालक, आणि प्लास्टिकची वेल गुळवेलीवर सोडणारे पालक, ह्यांच्यात आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. दोघांनाही मुलाने काय पाहिले ह्याची चौकशी नाही. मूल कसे दिसले ह्याची आहे.

ह्याउलट, घरी औक्षण करावे, मार्कंडेयाचे स्मरण करून तीळगूळ घातलेले दूध द्यावे आणि प्रकरण संपवावे, असे म्हणणारे वडीलधारेही आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. औक्षण सकाळी सहाला करा आणि सातला रानात पोहोचा; दोहोंत विरोध कोठे आला? दिवा फुंकून विझविणे अशुभ की शुभ, ह्या वादातही आम्हांस गोडी वाटत नाही. त्या आतषबाजीच्या मेणबत्तीविषयीचा आमचा आक्षेप शास्त्रार्थाचा नाही. मोठ्या झाडांवर आग्यामाश्यांची पोळी असतात. धूर व धांदल ह्यांनी त्या उठल्या तर काय होते, हे ज्याने एकदा पाहिले तो मुलांना घेऊन झाडाखाली धूर करणार नाही.

मग योजना करूच नये काय? अवश्य करावी, आणि पुष्कळ करावी. पण ती मोकळी जागा राखण्यासाठी करावी. आमच्या मते मुलास जितकी वर्षे झाली तितके सोबती पुष्कळ झाले. प्रत्येक दोन मुलांमागे एक मोठे माणूस असावे, आणि त्या माणसाचा मोबाइल पिशवीत असावा. वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची. केंद्रातील मार्गदर्शकास आधी जाऊन भेटावे, मुले किती लहान आहेत ते सांगावे, आणि व्याख्यान नको, मुले जेथे थांबतील तेथे आपणही थांबा, एवढी एकच विनंती करावी. ते बहुधा आनंदाने मान्य करतात, कारण अडतिसांच्या रांगेपुढे ओरडण्याचा त्यांनाही वीट आलेला असतो. खाणे घरचे, डब्यांतले: तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू, केळी. माकडे असतील तेथे डबा उघडू नये आणि त्यांना काही घालूही नये. अंगभर कपडे, पायांत बूट. केक हवाच असेल तर घरी परतल्यावर कापावा. भूक लागलेल्या मुलांना तो अधिक गोड लागतो.

ऋतूची अडचण कोणी पुढे करील. वाढदिवस मुलाच्या सोयीने येत नाही हे खरे, पण प्रत्येक महिन्याला दाखविण्याजोगे काही असते. मे महिन्यात बहावा असतो. पावसाळ्यात पायवाटाच जिवंत होतात. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी परांवर रेटत चिखलातून चालणारी निवटी पाहिलेल्या मुलास मासा म्हणजे काय ह्याचा पुन्हा विचार करावा लागतो. बोरिवलीच्या जंगलात कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते. 2016 साली ती फुलली तेव्हा जे मूल पाच वर्षांचे होते, त्यास ती दुसऱ्यांदा फुलताना पाहण्यासाठी तेरा वर्षांचे व्हावे लागले. वाढदिवस मोजण्याचे हे माप केकवरील मेणबत्त्यांहून आम्हांस अधिक भारदस्त वाटते.

ठिकाणांचाही दुष्काळ नाही. धारावीच्या शेजारी, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून सुमारे 37 एकरांची जागा आहे. ती 1994 साली लोकांस खुली झाली. त्यापूर्वी तेथे शहराचा कचरा टाकीत असत. कचऱ्याच्या डोंगरावर माती घालून, रोपे लावून, ती जगवून माणसांनी तेथे रान उभे केले. अशा जागी आपण जाताना चमकी, थर्माकोलची अक्षरे आणि प्लास्टिकच्या काड्यांवर खोवलेले फुगे घेऊन जावे, म्हणजे रानाचा पुन्हा कचरा करण्याचा समारंभ मुलाच्या हस्ते पार पाडावा, ह्याला काय म्हणावे? थर्माकोलच्या सजावटीस ह्या राज्यात 2018 सालापासून बंदी आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्यांवर 1 जुलै 2022 पासून सर्व देशात बंदी आहे. तरी आम्ही गेलो त्या समारंभात दोन्ही वस्तू होत्या. कायदा मोडला म्हणून कोणास तुरुंगात घालावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जी केंद्रे रान राखण्यासाठी स्थापन झाली त्यांनी भाड्याच्या पावतीसोबत चार नियम छापून द्यावे आणि ते न पाळणाऱ्याची अनामत परत करू नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही. त्यांना पैशाची गरज असते हे आम्हांस समजते. देवळालाही असते; म्हणून गाभारा भाड्याने देत नाहीत.

ह्या विषयावर बोलताना एका मुलाची गोष्ट आठवल्याखेरीज राहत नाही. मुंबईत राहणाऱ्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी तो 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद चिटणीस मिलार्ड ह्यांनी त्याला हाकलून दिले नाही, शिकार केल्याबद्दल प्रवचन केले नाही. त्याला चिमणीचे नाव सांगितले आणि कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. प्रत्येक मूल सालिम अली होणार नाही, व्हावयाची गरजही नाही. पण मोठ्या माणसाने त्या दिवशी काय केले ते पाहा: मूल ज्या गोष्टीपाशी थांबले होते तिथे तेही थांबले, आणि पुढचा खण उघडला. त्या मिलार्डसाहेबांस कोणी मध्येच केक कापावयास बोलाविले असते तर?

आणि मौज अशी की, वाढदिवस कसा साजरा करावा हे ह्या राज्यास ठाऊक नाही असेही नाही. मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्म 5 नोव्हेंबरचा, सालिम अलींचा 12 नोव्हेंबरचा. ह्या दोन वाढदिवसांमधला काळ महाराष्ट्र शासनाने 2020 साली पक्षी-सप्ताह म्हणून जाहीर केला. एक आठवडाभर लोकांनी बाहेर पडून पाखरे पाहावीत, एवढीच त्यातली कल्पना. सरकारी कल्पनांत इतकी साधी आणि चांगली कल्पना क्वचित आढळते.

हे सर्व लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, असे आमच्याच घरात विचारले जात आहे. पुढील महिन्यात आमच्या नातीचा सहावा वाढदिवस आहे. पाहुण्यांची पहिली यादी सत्तावीस नावांची झाली होती. तीन रात्री चाललेल्या वादानंतर ती अकरांवर आली आहे. त्या अकरांतील पाच नावे आहेराच्या वहीतील आहेत हे आमची सूनही मान्य करते, पण ती खोडण्यास राजी नाही, आणि तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही बहुधा राजी झालो नसतो. ध्वनिक्षेपक गेला. जादूगार गेला. फुग्यांचा प्रश्न अद्याप विचाराधीन आहे.

नातीस विचारले तेव्हा तिने एकच अट घातली: त्या लिंबाच्या झुडपाकडे परत जावयाचे, आणि ज्याला उचलून नेले होते त्यालाही बरोबर घ्यावयाचे. ती अळी आता तेथे नसेल, असे आम्ही तिला समजावून सांगितले. मग ती कोठे गेली, असे तिने विचारले आहे. उत्तर आम्हांस ठाऊक आहे, पण ते आम्ही अजून दिलेले नाही.